गाढवाच्या पोटाखालची सहा वर्षं

परवा पुतण्याने घरच्या ग्रुपवर बार्सेलोनाचा २०२४ चा तो व्हिडिओ टाकला. हॉटेलबाहेर जेवत बसलेल्या पर्यटकांवर पर्यटनाविरुद्धच्या मोर्चातले लोक पिचकाऱ्यांनी पाणी उडवतायत. खाली शेरा : 'काका, तुमचे स्पॅनिश माजले!' मी लिहिलं, बरोबर करतायत. त्याने लगेच पकडलं, 'तुम्ही तर पर्यटकांच्याच जिवावर पोट भरलंत ना?'

भरलं. म्हणून तर लिहायला बसलो.

१९७९ ते १९८५ मी तेनेरिफ बेटावर, पुएर्तो दे ला क्रुसमध्ये एका दुकानात सेल्समन होतो. (इथले लोक क्रूझ म्हणतात, तिथले क्रुस.) कॅनरी बेटं स्पेनची, पण आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत. १८५२ पासून तिथली बंदरं जकातमुक्त होती, म्हणून जपानी कॅमेरे, घड्याळं, कॅलक्युलेटर स्वस्त. या मालाची कितीतरी दुकानं सिंध्यांची. सिंधमधल्या हैदराबादचे हे 'सिंधवर्की' व्यापारी फाळणीच्या कितीतरी आधीपासून तिकडे जात होते. मी मालवणी, पण वाढलो उल्हासनगरात. शेठने माझी दोन सिंधी वाक्यं ऐकली आणि तीन वर्षांचा करार केला. मधे घरी येणं नाही. फोन करायचा तर रविवारी टेलिफोन ऑफिसात रांग लावून, तीन मिनिटं, त्यातली दोन आईच्या रडण्यात जायची.

दुकान सकाळी नऊ ते एक, मग चार ते आठ. मधल्या वेळात अख्खं गाव झोपायचं, आम्ही माल लावायचो. एका फ्लॅटमध्ये पाच जण. स्वयंपाकी सिंधी, त्यामुळे सई भाजी ठरलेली. शनिवारी मी बंदरावरून 'व्हिएखा' आणायचो. व्हिएखा म्हणजे म्हातारी, हे माशाचं नाव! कोकम नाही, नारळ नाही, सगळं लिंबावर भागवायचं.

गावावर वर्षातले बरेच दिवस मळभ. त्याला तिथे म्हणतात 'पान्सा दे बुर्रो', गाढवाचं पोट. करड्या ढगाखाली उभं राहिलं की हा शब्द पटतो. नोव्हेंबर १९७८ मध्ये बेटाच्या दक्षिणेला नवा विमानतळ झाला, तिथे कोरडं ऊन, आणि पर्यटक हळूहळू तिकडे सरकले. आमचं गाव केळीच्या बागांसकट हिरवंगार, तरी मागे पडलं. उन्हाला गिऱ्हाईक आहे, हिरव्याला नाही. हे कोकणच्या माणसाला कोण पटवणार?

कॅनरीचाच कलाकार सेझार मान्रिके, त्याने काळ्या लाव्हाच्या खडकांवर बांधलेले समुद्राच्या पाण्याचे तलाव आमच्या गावात होते, १९७७ चे. सहा वर्षांत मी दोनदा आत गेलो. मालवणी माणूस समुद्रात उतरायला तिकीट काढेल? त्यापेक्षा जुलैत कोळी लोक व्हिर्खेन देल कार्मेनची, म्हणजे मेरीमातेची मूर्ती खांद्यावर घेऊन होडीत चढवत, ते बघायला दुकानातून सुटी मागायचो. आमची नारळी पौर्णिमाच, फक्त नारळाच्या जागी माता.

आता त्या काळातले जर्मन-इंग्रज रहिवासी हळहळतात की तेव्हाचं पुएर्तो 'खरं' होतं. मला हसू येतं. त्या खऱ्या गावात मी चिनी टेबलक्लॉथ 'हाताचं काम आहे, बाई' म्हणून विकलेत. काम हाताचंच होतं, कुठल्या हाताचं ते बाईंनी विचारलं नाही.

पण आमची घरमालकीण वेगळी बोलायची. पोरपणापासून केळी वाहिलेली बाई, पुढे हॉटेलात खोल्या साफ करायला लागली. मी एकदा शहाणपणाने म्हटलं, या हॉटेलांनी तुमचं गाव बिघडवलं. तिने झाडू खाली ठेवला. म्हणाली, बागेत पाठ मोडायची आणि हिशेब मालकाच्या तोंडी असायचा. हॉटेलात पगार कागदावर मिळतो. त्या पगारातून तिने तो फ्लॅट घेतला होता, ज्यात आम्ही पाच जण कोंबलेलो होतो.

म्हणून पुतण्या, मी पर्यटनाला शिव्या देत नाही. तेव्हा त्याने मोलकरणीला घर दिलं, आज तेच तिच्या नातवंडांना गावाबाहेर काढतंय, कारण फ्लॅट भाड्याने द्यायचा तर पाहुण्याला रात्रीच्या हिशेबाने दिलेला परवडतो. २० एप्रिल २०२४ ला 'कॅनरीला मर्यादा आहे' म्हणत हजारो लोक सगळ्या बेटांवर रस्त्यावर उतरले. तो मोर्चा पाहुण्यांच्या द्वेषाचा आहे असं मला वाटत नाही. जेवायला बोलावलेला माणूस स्वयंपाकघरच भाड्याने मागू लागला, तर यजमानाने काय करावं?

तारकर्लीत पुतण्याचं होमस्टे चालू आहे. धंदा चांगला आहे, त्याला त्यात काही बोलत नाही.

काल रात्री झोप येईना म्हणून नेटवर पुएर्तोतली आमची गल्ली शोधली. मजला तोच, ओट्यावरच्या निळ्या फरश्याही त्याच असाव्यात. फ्लॅट रोजच्या भाड्याने आहे. जाहिरातीत लिहिलंय : 'इथे स्थानिक लोकांसारखं राहा.'