आमच्या शाळेत तसं कोणी नाही

बेघर विद्यार्थ्यांबद्दल जाणीवजागृतीचा कार्यक्रम घ्या, असं पत्र वरून आलं असेल तर घाबरून जाऊ नका. एकही बेघर मूल न सापडता हा कार्यक्रम छान पार पाडता येतो. थोडं नियोजन लागतं, इतकंच.

आधी हॉल ठरवा. तो उड्डाणपुलापासून लांब हवा. नाहीतर प्रमुख पाहुणे गाडीतून उतरत असतानाच खांबाला टेकून बसलेली दोन पोरं त्यांच्या नजरेला पडतात, त्यातल्या एकाच्या अंगात तुमच्याच शाळेचा गणवेश असतो, आणि दीपप्रज्वलनाआधीच नको ते प्रश्न सुरू होतात. वेळ सकाळी अकराची ठेवा. संध्याकाळी ताडपत्र्या वर चढतात, चुली पेटतात, विषय फारच उघड्यावर येतो. पाहुण्यांमध्ये एखाद्या क्लबचे अध्यक्ष, एखाद्या कंपनीचे सीएसआरवाले, म्हणजे समाजकार्याचा निधी सांभाळणारे, साहेब आणि नगरसेवक असावेत. निवडणुका लांबल्या असतील तर माजी नगरसेवकही चालतात, ते जास्त वेळ बसतात.

भाषणात आकडे हवेतच. २०११ च्या जनगणनेत देशभरात सतरा लाखांहून जास्त माणसं बेघर म्हणून नोंदली गेली, त्यातली दोन लाखांवर महाराष्ट्रात. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. प्रगणक रात्री बॅटरी घेऊन फुटपाथ, स्टेशन, पुलाखालच्या जागा हिंडले. तुमच्यासमोर ती मुलं दिवसाउजेडी, रोज पाच-सहा तास, बाकावर बसलेली असतात. पण ही तुलना भाषणात करू नका, टाळ्या पडत नाहीत.

खरी कसोटी हॉलमध्ये नाही, ऑफिसच्या खिडकीशी लागते. तिथे क्लार्क मुरलेला हवा. कडेवर एक, बोटाला एक अशी बाई येते आणि म्हणते, पोराचं नाव घालायचंय. तिला नाही म्हणायचं नाही. नाही म्हणणं बेकायदेशीर आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. कलम ५ सांगतं की आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येणार नाही. कलम ४ प्रमाणे वयाला साजेशा वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढायची सोय आपण करायची. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळतो की नाही हे बघणं कलम ९ ने महापालिका-जिल्हा परिषदेच्या गळ्यात घातलंय. आधारशिवायही प्रवेश द्यावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगून टाकलंय. इतक्या बाजूंनी कोंडी झाल्यावर माणसाने करायचं काय? तर म्हणायचं, "उद्या या." उद्या या म्हणजे नकार नव्हे. रहिवासी पुरावा घेऊन उद्या या. मोठे सर मीटिंगला गेलेत, उद्या या. सिग्नलला गजरे विकणाऱ्या बाईचा एक उद्या म्हणजे एका दिवसाची कमाई. तिसऱ्या उद्याला ती येत नाही, आणि रजिस्टरात कुठेही नकाराची नोंद राहत नाही.

ती आलीच, आणि म्हणाली की होते ते कागद परवा अतिक्रमणच्या गाडीत गेले, तर चेहऱ्यावर शंका आणा. वास्तविक हे रोजचंच आहे. गाडी येते, ताडपत्री, पातेली, पत्र्याची पेटी सगळं भरून नेते. पेटीत जन्माचा दाखला असतो, आधीच्या शाळेचा दाखला असतो, दोन पुस्तकंही असतात. म्हणजे महापालिकेचा एक विभाग कागद उचलून नेतो आणि दुसरा विभाग तेच कागद मागतो. दोन्ही विभागांचं काम नियमाप्रमाणे चालू असल्याने यात कुणाचाच दोष निघत नाही.

इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेचे विश्वस्त असाल तर तुमचं काम फारच सोपं. वंचित आणि दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा आहेत, पण ऑनलाइन अर्जात रहिवासी पुरावा जोडायचा असतो आणि नकाशावर आपल्या घराची खूण लावायची असते. शाळा घरापासून किती लांब, त्यावर प्राधान्य ठरतं. घरच नसलेल्यापासून शाळा किती लांब, हे गणित कुठल्याही सर्व्हरला सुटत नाही. तुम्ही फक्त खेद व्यक्त करायचा.

आता प्रवेश मिळून वर्गात येऊन बसलेल्यांचं. पहिल्याच तासाला डुलक्या काढणारी मुलगी आळशी असते. पुलाखाली रात्रभर ट्रकांची धडधड चालते, हे पाठ्यपुस्तकात नाही. शनिवारी दोनदा खिचडी मागणारा मुलगा हावरट. रविवारी शाळेला सुट्टी असते, हे त्यालाही माहीत असणारच. मधल्या सुट्टीतसुद्धा दप्तर पाठीवरून न काढणारा संशयखोर. जुलैत वह्या ओल्या करून आणणारा बेफिकीर, त्याला वर्गाबाहेर उभं करा, वह्या वाळतील. आणि निबंधाला दरवर्षीप्रमाणे 'माझे घर' हाच विषय द्या. "आमच्या घराला दोन खोल्या, एक गच्ची आणि अंगणात तुळस आहे," असं तो शेजारच्याचं बघून लिहील. शुद्धलेखनाचे गुण कापा.

फाटकाशी सातच्या आधीपासून उभा असणारा एक मुलगा प्रत्येक शाळेत असतो. परिपाठाला त्याचं कौतुक करा: शाळेची केवढी ओढ! तो येतो नळ आणि संडास मोकळे मिळावेत म्हणून. गर्दी व्हायच्या आत तोंड धुतो, शर्टाचा मळका भाग तेवढा ओला करून चोळतो, केसांवर पाणी मारतो आणि प्रार्थनेला सगळ्यांसारखा उभा राहतो. हे शाळेत एकाच व्यक्तीला ठाऊक असतं, फाटक उघडणाऱ्या मावशींना. त्याच त्याला कधीतरी साबणाचा तुकडा देतात. तेव्हा कार्यशाळेला मावशींना बसवू नका. त्या चहाचं बघतील.

कुणी विचारेल, ही मुलं आपणहून का सांगत नाहीत? कारण त्यांची आई तुमच्यापेक्षा सावध असते. घर नाही आणि पोट भरायचं साधनही दिसत नाही, अशा मुलाला २०१५ चा बाल न्याय कायदा काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक म्हणतो. कायद्याचा हेतू चांगला आहे, पण पुलाखाली त्याचं भाषांतर होतं: पोराला रिमांड होमला नेतील. म्हणून आई पढवून ठेवते, बाईंनी विचारलं तर मावशीकडं राहतो म्हणून सांग. तुम्हीही मग जागृतीच्या भरात भर वर्गात "कोण कोण रस्त्यावर राहतं, हात वर करा" असं विचारून घ्या. एकही हात वर येणार नाही. यापेक्षा भक्कम पुरावा कुठला?

ठाण्याचा उल्लेख केल्याशिवाय भाषण संपवू नये. तिथे तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ मध्ये एका संस्थेने महापालिकेला सोबत घेऊन कंटेनरमध्ये सिग्नल शाळा काढली, आणि सिग्नलवर वस्तू विकणारी मुलं दहावी पास झाली. याला यशोगाथा म्हणावं, व्हिडिओ दाखवावा आणि लगेच चहा. कुणाला वाटायला वेळ मिळता कामा नये की आपल्या नाक्यावरही पूल आहेच. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांचा विषय निघालाच तर हंगामी वसतिगृह आणि शिक्षण हमी पत्रक (गाव सोडून जाणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेला कागद) हे दोन शब्द पुरतात. पोर कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, आहे की वसतिगृहात, ते बघायला फडावर जावं लागतं आणि त्याचा प्रवासभत्ता मिळत नाही.

संचमान्यतेची, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्याची, काळजी मात्र खरी आहे, तिथे मी तुमच्या बाजूने आहे. आधार जुळलं नाही तर मूल वर्गात असून पटावर धरत नाहीत, आणि पट घसरला की शिक्षक अतिरिक्त. वर्गात बसलेलं पोर मोजायचं सोडून त्याच्या बोटांचे ठसे मोजायची ही पद्धत ज्याने काढली, त्याला या कार्यक्रमाचा अध्यक्ष करा.

शेवटी ग्रुप फोटो, जिओटॅगसह. अहवालात उपस्थिती, खर्च, वृत्तपत्रातलं कात्रण. 'आढळून आलेले बेघर विद्यार्थी' या रकान्यात 'निरंक' लिहा. कार्यक्रमाचा दहा बाय आठचा फ्लेक्स दुसऱ्या दिवशी जागेवर दिसणार नाही, त्याची पोलिसात तक्रार नको. चांगल्या प्रतीचा फ्लेक्स दोन पावसाळे टिकतो. 'लाभार्थ्यांना वाटप केलेले साहित्य' हा रकाना रिकामाच असेल. तिथे लिहा: एक नग.