नागपूरच्या तलावात शीड

डिसेंबरचा पहिला आठवडा माझा पाण्यावर जातो. थायलंडमधल्या फुकेत बेटाच्या काटा किनाऱ्यासमोर ‘किंग्ज कप’ ही शिडाच्या होड्यांची शर्यत तेव्हा भरते, आणि मी समितीच्या बोटीवर वही घेऊन बसते. कोणत्या होडीने किती वाजून किती मिनिटं किती सेकंदांनी रेषा ओलांडली, ते लिहायचं. एरवी मी बेटावर होड्या दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात हिशेब बघते. आठवडाभराचं हे काम बिनपगारी, हौसेचं. शर्यत संपली की सुट्टी टाकायची आणि नागपूर गाठायचं. इथे तेव्हा अधिवेशनाची धामधूम असते, मोर्चे असतात, थंडी पडलेली असते.

यंदा आल्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी फुटाळा तलावावर वाद झाला. माझा भाऊ, बाबांचे एक जुने मित्र आणि मी चहा घेऊन काठावर बसलो होतो. समोर ते संगीत कारंजं, मागे प्रेक्षक गॅलरी. भाऊ म्हणाला, “एवढं चांगलं काम होऊन राहिलं होतं, लोकांनी कोर्टात नेलं. शहरात काही होऊच द्यायचं नाही.” काका तडकले. “तलाव आहे तसा राहू द्या ना. हात लावायची गरजच काय?”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. भोसल्यांच्या काळातल्या या तलावात कारंजं, तरंगती बांधकामं आणि काठावर गॅलरी उभी राहिली. हा पाणथळ जागेचा नियमभंग आहे, असं म्हणत एक संस्था न्यायालयात गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. तलाव मानवनिर्मित आहे, म्हणून २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येत तो बसत नाही, असा निकाल ऑक्टोबर २०२५ मध्ये लागला. कायद्याचा प्रश्न मिटला. आमच्या घरातला आणि माझ्या शाळेच्या ग्रुपवरचा मात्र मिटलेला नाही.

मला त्या संध्याकाळी जाणवलं ते असं, की भाऊ आणि काका दोघेही काठावर बसूनच बोलत होते. एकाला पाणी रोषणाईसाठी हवं, दुसऱ्याला पक्ष्यांसाठी. पाण्यात माणूस उतरेल, असं दोघांच्याही मनात नव्हतं. नागपुरात वाढलेली मीसुद्धा तशीच होते. अंबाझरी तलावाच्या बागेत हजारदा गेले असेन, पण त्या पाण्याला हात लावल्याचं आठवत नाही.

फुकेतला माझं हे बदललं. किंग्ज कप १९८७ साली सुरू झाला, थायलंडचे तेव्हाचे राजे भूमिबोल यांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त. ५ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस, म्हणून शर्यतही त्या आठवड्यात. राजाच्या नावाची स्पर्धा म्हटलं की मिरवणूक डोळ्यांसमोर येते, पण हा राजा स्वतःच्या होड्या स्वतः बांधायचा. राजवाड्यात त्याची सुतारकामाची जागा होती. १९६६ मध्ये तो एकट्याने बसायच्या छोट्या होडीतून हुआ हिनहून निघाला आणि थायलंडचं आखात ओलांडून सत्ताहीपला पोचला. साठेक सागरी मैल, सतरा तास. पुढच्याच वर्षी आग्नेय आशियाई द्वीपकल्पीय क्रीडास्पर्धेत त्याला सुवर्णपदक मिळालं, थोरल्या मुलीसोबत विभागून. तिथे त्याची आणखी एक आठवण सांगतात. एकदा तो शर्यतीतून लवकर परत आला. शर्यतीचा मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या बोयाला होडी लागली होती. कोणी पाहिलं नव्हतं, पण नियमाप्रमाणे आपण बाद झालो, म्हणून परतला.

ही आठवण मला फार मोलाची वाटते, कारण या खेळाचा जीव तिच्यात आहे. पाण्यावर शिट्टी फुंकणारा पंच सहसा नसतो. पाच मिनिटं आधी इशाऱ्याचा झेंडा चढतो, मग तयारीचा, शेवटचा मिनिट आणि सुटका. रेषेवर वीस-पंचवीस होड्या दाटीवाटीने आलेल्या असतात. कोणी कोणाला वाट द्यायची, याचे नियम पाठ असतात. उजवीकडून वारा घेणाऱ्या होडीचा हक्क आधी, डावीकडून घेणारीने बाजूला व्हायचं. चुकलं की माणूस तिथल्या तिथे स्वतःभोवती दोन वळसे घेऊन दंड भरतो आणि पुढे जातो. तक्रार असेल तर लाल झेंडा लावायचा आणि संध्याकाळी समितीपुढे दोघांनी बाजू मांडायची. नागपूरच्या व्हेरायटी चौकातला सिग्नल आठवून मी पहिल्या वर्षी हे बघत राहिले होते.

आणि वारा. काटा किनारा बेटाच्या पश्चिमेला आहे. डिसेंबरातला ईशान्येचा वारा डोंगर ओलांडून येतो, म्हणून तो सलग मिळत नाही, पट्ट्यापट्ट्याने येतो. पाण्यावर काळपट सुरकुत्या धावत येताना दिसल्या की तिकडे वळायचं. मोठ्या होड्यांच्या जोडीला पोरांच्या ‘ऑप्टिमिस्ट’ होड्यांचाही गट असतो. ती जेमतेम पावणेआठ फुटांची पेटी, एक शीड, एक सुकाणू आणि आत दहा-बारा वर्षांचं एकटं पोर. होडी उलटते. पोर पाण्यात पडतं, तळपट्टीवर चढून होडी सरळ करतं, पाणी उपसतं, पुन्हा निघतं. आईबाप किनाऱ्यावर असतात आणि त्यांचा आवाज तिथवर पोचत नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी परदेशाचं कौतुक सांगायला आलेय असं होईल. मोठ्या होड्यांची ही शर्यत पैसेवाल्यांची आहे. माझ्या कारखान्यात एका होडीच्या नव्या शिडांचं बिल मी बनवते, तेव्हा त्यात नागपुरात काय काय आलं असतं, हे मनात आल्याशिवाय राहत नाही. त्याच बेटाच्या दक्षिण टोकाला, रावाई किनाऱ्यावर, उराक लावोई लोकांची वस्ती आहे. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगलेले हे लोक. घराखालच्या जमिनीसाठी त्यांना कोर्टात झगडावं लागलं, २०१६ मध्ये तिथे मारामारी झाली. समुद्र सगळ्यात चांगला कोणाला कळतो, असं विचारलं तर बेटावर कोणीही त्यांच्याकडे बोट दाखवेल. शर्यतीच्या निकालपत्रात मी त्यांचं नाव लिहिलेलं नाही.

डोंगर पोखरणं तिथेही आहे. २३ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे पावसाने काटाशेजारच्या करोनमध्ये डोंगराचा कडा खाली आला, तेरा माणसं गेली. वर जंगलाच्या जमिनीवरच्या बांधकामावर बोट ठेवलं गेलं. मी त्या दिवशी बाबांना फोन केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “आपल्यासारखंच झालं.”

त्यांना २३ सप्टेंबर २०२३ म्हणायचं होतं. त्या रात्री नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी भरून वाहिली आणि नाग नदीकाठच्या वस्त्या झोपेत बुडाल्या. मोरभवन बसस्थानकात एसटीच्या बसेस पाण्यात उभ्या होत्या. आमच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. आईच्या लग्नाचे फोटो चिखलातून निघाले. मी फुकेतहून रात्रभर फोन लावत होते आणि कोणाचाच लागत नव्हता. त्यानंतर वाद झाला तो सांडव्याचा, सांडव्यापाशी उभ्या असलेल्या पुतळ्याचा, नदी अरुंद कोणी केली त्याचा. तो वाद खरा आहे, व्हायलाच हवा. १८७० मध्ये शहराला पाणी पाजायला बांधलेल्या तलावाचा सांडवा मोकळा आहे की नाही, हे दरवर्षी मे महिन्यात कोणीतरी बघायलाच हवं. आमच्या शहरात पावसाआधी हे कोणाच्या नजरेत येत नाही, कारण त्या पाण्यावर रोज जाणारं कोणी नाही.

त्याच आठवड्यात, तीनच दिवसांनी, २६ सप्टेंबरला, चीनमध्ये आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूरने एकट्याने चालवायच्या छोट्या होडीत रौप्यपदक मिळवलं. सतरा वर्षांची मुलगी, मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याच्या घरची. समुद्र तिच्या गावापासून शेकडो किलोमीटर. ती शिकली भोपाळच्या मोठ्या तलावात, राष्ट्रीय सेलिंग स्कूलमध्ये. आम्ही तेव्हा घरातला चिखल काढत होतो, त्यामुळे ही बातमी माझ्यापर्यंत महिनाभराने पोचली. ती वाचल्यावर मी नकाशा उघडला. भोपाळ नागपूरपासून साडेतीनशे किलोमीटर. दक्षिणेला पाचशे किलोमीटरवर हैदराबाद, तिथे हुसेन सागरात पावसाळ्यात सेलिंग वीक भरतो, देशभरातून पोरं येतात. दोन्ही शहरं आपल्यासारखीच, समुद्र नसलेली. मधोमध आपण, अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सोनेगाव, गांधीसागर एवढे तलाव घेऊन.

काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “हुसेन सागराचा वास घेतला का तू?” घेतला आहे. त्यांचं बरोबर आहे. शर्यती भरवल्याने तलाव आपोआप निवळत नाही. पण भोपाळचा मोठा तलाव शहराला पाणीही पुरवतो, महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही आहे. हरित लवादाने तिथल्या क्रूझ आणि मोटारबोटी बंद करायला लावल्या. शिडाला डिझेल लागत नाही, आवाज नाही, पाण्यात सिमेंट ओतावं लागत नाही. संध्याकाळी शीड गुंडाळून होडी बाहेर काढली की तलाव पुन्हा पक्ष्यांचा.

भावाची हरकत वेगळी होती. “पोट्टे बुडतील अन् मग बोंबलशील.” ही हरकत मी हलक्यात घेत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे तलावात पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात. ती पोरं पोहायला न शिकता, जॅकेट न घालता, कोणी सोबत नसताना उतरलेली असतात, कारण उतरायची दुसरी सोयच नाही. फुकेतला पोहता आल्याशिवाय पोराला होडीत बसू देत नाहीत, आणि सरावाला सोबत बचावाची बोट असते.

वारा आहे का, हेही मला विचारलं गेलं. हिवाळ्यात फारसा नाही, खरं आहे. पण जूनच्या शेवटापासून पश्चिमेचा वारा अंबाझरीवर कसा सुटतो, ते काठावरून फिरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. हैदराबादची शर्यत त्याच वाऱ्यावर चालते.

माझं मागणं मोठं नाही. दहा ऑप्टिमिस्ट होड्या, एक बचावाची बोट, एक प्रशिक्षक, आणि महापालिकेच्या शाळेतल्या पोरांना पहिला हक्क. एनसीसीच्या नौदल शाखेची मुलं आहेतच शहरात, त्यांना आधी हाताशी धरता येईल. आणि आपले ढिवर. विदर्भातल्या तलावांवर मासे, शिंगाडे त्यांनी काढले, डोंगा त्यांनी चालवला. तलावाचा तळ कुठे खोल, कुठे गाळ, कुठून नाला आत येतो, हे त्यांना पाठ आहे. बचावाच्या बोटीवर पगारी माणूस म्हणून पहिलं नाव त्यांचं लागायला हवं. उराक लावोईंच्या बाबतीत बेटाने जी चूक केली, ती आपण पहिल्या दिवसापासून टाळू शकतो.

आणि एक अट, जिच्यावर मी मागे हटणार नाही. होडी उलटली की पोराच्या नाकातोंडात पाणी जातं. म्हणजे नाल्याचं पाणी तलावात यायचं बंद झाल्याशिवाय एकही होडी उतरवायची नाही. आज अंबाझरीत जलपर्णी पसरते, ती त्या पाण्यावरच पोसली जाते. कारंजं घाण पाण्यातही उडतं, रात्री त्यावर रंगीत दिवे सोडले की कोणाला काही दिसत नाही. पोराला त्या पाण्यात घालताना मात्र आई आधी पाण्याचा तपासणी अहवाल मागेल, आणि दर आठवड्याला मागेल. आपल्या तलावांना अशी मागणी करणारे लोक हवेत.

भावाला हे सगळं पटलं का? पूर्ण नाही. कारंजं सुरू झालं तर मी तिकीट काढून बघायला जाणार, असं त्याने निक्षून सांगितलं. पण त्याचा मुलगा, माझा अकरा वर्षांचा भाचा, शेजारी बसून सगळं ऐकत होता. घरी आल्यावर त्याने माझ्या फोनमधले काटाच्या पोरांचे व्हिडिओ तीन-तीनदा बघितले. उलटलेल्या होडीवर मुलगी चढते तो तर किती वेळा बघितला, मी मोजलं नाही.

माझ्या सुट्टीचे आता नऊ दिवस उरलेत. त्यातल्या दोन दिवसांसाठी मी भोपाळची तिकिटं काढली आहेत, त्याची आणि माझी. मोठ्या तलावावर सकाळचा सराव काठावरून तरी बघता येईल. काल त्याने विचारलं, “आत्या, होडीत बसायला पोहता आलंच पाहिजे का?” मी हो म्हटलं. आज सकाळी साडेसहाला, स्वेटर घालून, टॉवेल खांद्यावर टाकून, तो बाबांना घेऊन जलतरण तलावावर नाव नोंदवायला गेला.