मार्कोनीने बोसांचा रेडिओ चोरला?

जगदीशचंद्र बोसांची जयंती, ३० नोव्हेंबर, जवळ आली की तोच मजकूर पुन्हा फिरू लागतो: रेडिओ बोसांचा, इटालियन संशोधक मार्कोनीने तो चोरून नोबेल लाटलं, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही हे मान्य केलं, आणि निरिच्छ बोसांनी कधी पेटंटच घेतलं नाही.

आधी कोर्ट, कारण तेच सगळ्यात छातीठोकपणे सांगितलं जातं. १९४३ च्या निकालात मार्कोनीच्या ट्यूनिंगच्या (हवी ती रेडिओलहर निवडून पकडण्याच्या) पेटंटमधले महत्त्वाचे दावे रद्द झाले, कारण लॉज, टेस्ला आणि स्टोन या संशोधकांचं काम आधीचं होतं. बोसांच्या शोधाचा तो वादच नव्हता.

रेडिओलहरी प्रयोगशाळेत सिद्ध केल्या जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झने, १८८८ च्या सुमारास. बोसांनी कलकत्त्यात त्या भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवली, बंदुकीची दारूही उडवली. पण त्यांना कुतूहल होतं ते या लहरी प्रकाशासारख्या वागतात का याचं. त्यासाठी त्यांनी लहरी काही मिलिमीटरांइतक्या आखूड केल्या. अशा लहरी क्षितिजापलीकडे जात नाहीत. मार्कोनीला समुद्र ओलांडायचा होता, म्हणून त्याच्या लहरी शेकडो मीटर लांबीच्या.

चोरीच्या आरोपात मात्र थोडं तथ्य आहे. १२ डिसेंबर १९०१ ला न्यूफाउंडलंडमध्ये पतंगाला बांधलेल्या तारेवर मार्कोनीने अटलांटिकपलीकडचा संदेश ऐकला, तेव्हा त्याच्याजवळ पारा वापरलेला शोधक, म्हणजे रेडिओलहरी ओळखणारा भाग (डिटेक्टर), होता. तो त्याला इटालियन नौदलातल्या सोलारीकडून मिळाला होता. लोखंड आणि पाऱ्याचा तसाच शोधक बोसांनी १८९९ मध्येच रॉयल सोसायटीपुढे मांडला होता. बोसांचं नाव घ्यायला हवं होतं. ते घेतलं गेलं नाही, हे माझ्या मते अन्यायाचंच. पण मार्कोनीने १८९६ मध्ये लंडनला पेटंट मागितलं, त्यातला शोधक धातूच्या किसाचा होता. एका सुट्या भागावरून अख्खी यंत्रणाच चोरीची ठरवणं जरा जास्तच झालं.

१९०९ चं नोबेलही त्याला एकट्याला नव्हतं, जर्मन शास्त्रज्ञ ब्राउनबरोबर विभागून होतं.

राहिलं पेटंट. १९०१ मध्ये एका तार कंपनीच्या मालकाने बोसांना व्याख्यानात सगळं उघड करू नका, पेटंट घ्या, असा आग्रह केला. बोस वैतागले, आणि रवींद्रनाथांना त्यांनी तसं लिहिलंही. तरी त्याच वर्षी मित्रमंडळींच्या आग्रहाने अमेरिकेत अर्ज गेला, आणि मार्च १९०४ मध्ये ७५५८४० क्रमांकाचं पेटंट मिळालं. त्यातला शोधक गॅलिना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकाचा, म्हणजे अर्धवाहकाचा (सेमीकंडक्टरचा) होता.