‘मेलेलं दूध’ नावाच्या मेसेजला उत्तर

दूध उत्पादकांच्या ग्रुपवर आणि आता नातेवाइकांच्या ग्रुपवरही एक लांबलचक मेसेज फिरतोय. सारांश असा: पिशवीतलं दूध हे ‘मेलेलं’ दूध. पाश्चरायझेशननं, म्हणजे दूध ठरावीक वेळ तापवून लगेच गार करण्यानं, त्यातले चांगले जिवाणू मरतात, म्हणून त्याचं दही लागत नाही, ते पचत नाही आणि त्यातली जीवनसत्त्वं जातात. तरी ते दोन दिवस टिकतं, म्हणजे त्यात केमिकल असणार. परदेशात कच्चं दूध पिणाऱ्या मुलांना दमा होत नाही. शेतात आपण पैसे मोजून जिवाणू कल्चर घालतो, मग दुधातले का मारायचे? आपले पूर्वज धारोष्ण दूध पिऊन नव्वदी गाठायचे, तेव्हा मुलांना कच्चंच दूध द्या. शेवटी जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात एका संकलन केंद्रावर मी दूध तपासायचं काम करतो. फॅट आणि एसएनएफवरून (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) रोज सकाळी हुज्जत असतेच, त्यात आता ‘मग हे दूध मेलेलंच म्हणायचं का?’ हा प्रश्न आलाय. जिवाणू सरसकट शत्रू नाहीत, हे मेसेजमधलं वाक्य मला पूर्ण मान्य आहे. पण कुठला जिवाणू, कुठं आणि किती, हे त्यात कुठंच विचारलेलं नाही. मेसेज मूळचा बाहेरचा असावा, कारण त्यातली गाय हिरव्या कुरणात मोकळी चरते. आमच्याकडची दावणीला उसाचं वाढं आणि मुरघास खाते. असो.

‘त्याचं दही लागत नाही’

कच्च्या दुधाला विरजण लावतं कोण? आपल्याकडं आधी दूध तापवतात, साय धरू देतात, बोट घालून कोमट झालंय का बघतात आणि मग चमचाभर विरजण सोडतात. तापवताना कासेवरचे, बादलीतले, गोठ्यातले बहुतेक जिवाणू मरतात. मग विरजणातून हवे ते जिवाणू परत येतात आणि मोकळ्या रानात वाढतात. ते दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. सामू (पीएच) ४.६ च्या आसपास उतरला की दुधातलं केसीन हे प्रथिन एकत्र येतं आणि दही बसतं. त्या आंबटपणात इतर बऱ्याच जिवाणूंना फारसं वाढता येत नाही.

म्हणजे आधी बहुतेक मारायचे आणि नंतर निवडक सोडायचे, ही डेअरीची पद्धत आपल्या चुलीवर कधीपासून चालू आहे. मेसेजला जे पाप वाटतंय ते आजी रोज करत होती. नुसतं कच्चं दूध ठेवून दिलं तर तेही कधीतरी आंबेल, पण त्यात कोण आधी वाढेल हे आपल्या हातात नसतं. एकदा छान आंबट, एकदा फसफसलेलं, एकदा दोऱ्यासारखं तार धरणारं.

दह्याचा सगळ्यात मोठा वकील म्हणजे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले एली मेचनिकॉफ. १९०८ चं नोबेल मिळालं ते पांढऱ्या पेशी जंतू गिळतात या शोधासाठी, पण आंबवलेल्या दुधानं आयुष्य वाढतं हा त्यांचा लाडका सिद्धांत होता. त्या माणसाचा सल्लासुद्धा उकळलेल्या दुधात शुद्ध जिवाणू घालण्याचा होता, कच्च्या दुधाचा नव्हे. भारतानं २०१२ साली ‘राष्ट्रीय सूक्ष्मजीव’ म्हणून लॅक्टोबॅसिलस निवडला, तोही दह्यातलाच.

आता दही खरंच लागलं नाही तर? थंडीत भांडं गार राहतं, किंवा दूध कढत असतानाच विरजण घातलं जातं आणि बिचारं विरजणच मरतं. ही नेहमीची कारणं. तिसरं कारण जास्त गंभीर आहे. गायीला दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली की सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात, इंजेक्शनं देतात. औषधाच्या वेष्टणावर किती दिवस दूध घालायचं नाही ते लिहिलेलं असतं. ते दिवस न पाळता दूध कॅनमध्ये आलं तर औषधाचा अंश त्यात राहतो, आणि दह्यातले जिवाणू पेनिसिलीनसारख्या औषधाला फार नाजूक असतात. दही पाण्यासारखं राहतं. हे घरच्या गायीच्या ताज्या, कच्च्या दुधाच्या बाबतीतही होतं, आणि ना पाश्चरायझेशन ना घरचं उकळणं तो अंश नीट काढू शकतं. ‘दही लागत नाही’ अशी तक्रार घेऊन पाश्चरायझेशनच्या मशिनकडं बोट दाखवण्याआधी गोठ्यातल्या औषधाच्या ट्यूबकडं बघा.

‘टिकतं म्हणजे केमिकल असणार’

दुधात भेसळ होतच नाही असं मी म्हणणार नाही. युरियापासून सोड्यापर्यंत सगळं पकडलं जातं आणि पकडलं गेलंच पाहिजे. पण पिशवीचं दूध टिकण्याचं कारण साधं आहे: ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवणं, लगेच ४ अंशांपर्यंत गार करणं आणि पुढं गार ठेवणं.

गार करण्याचं महत्त्व आमच्या टेबलावर डोळ्यांनी दिसतं. परीक्षानळीत १० मिलि दूध घ्यायचं, त्यात १ मिलि मिथिलीन ब्लूचं द्रावण घालायचं, बूच लावून नळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायची. दूध आकाशी दिसतं. जिवाणू दुधात विरघळलेला ऑक्सिजन वापरत जातात तसा रंग उडतो. ५ तास किंवा जास्त वेळ निळं राहिलं तर दूध उत्तम. अर्ध्या तासात पांढरं झालं तर त्यात जिवाणूंची जत्रा भरलीय असं समजायचं. गंमत म्हणजे नळी पांढरी झाली तरी वर, हवेला लागून, बारीक निळी कड राहते. तिथं ऑक्सिजन मिळत राहतो. धुतलेले सड, स्वच्छ बादली आणि लगेच बल्क कूलर असलेल्या गोठ्याचं दूध आणि तासन्‌तास उन्हात थांबलेल्या कॅनमधलं दूध शेजारी ठेवलं, तर फरक सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

दूध कासेतून येतं ते जवळजवळ आपल्या अंगाच्या तापमानाला. त्या उबेत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. दोन तासांत सहा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे चौसष्ट. मेसेज ज्याला ‘जिवंत’ म्हणतो तो जिवंतपणा बहुतेक वेळा हा असतो.

शिवाय पिशवीतलं दूध पूर्ण निर्जंतुक नसतंच. काही जिवाणू बीजाणूंच्या, म्हणजे टणक कवचातल्या झोपलेल्या अवस्थेच्या, रूपात ७२ अंश सहज सोसतात. म्हणून ते दूध फ्रीजमध्ये फार दिवस राहिलं की बऱ्याचदा आंबण्याऐवजी कडवट होतं: हे बीजाणूवाले किंवा थंडीत वाढणारे जिवाणू दुधातली प्रथिनं तोडतात. केमिकल घालून टिकवलेलं असतं तर कडू तरी कशाला झालं असतं?

एक व्यावहारिक गोष्ट. थंड साखळी नीट असेल तर पाश्चराइज्ड दूध पुन्हा उकळायची गरज नसते. पण आपल्याकडं लाइट जाते, पिशव्यांचा क्रेट दुकानाबाहेर उन्हात पडलेला असतो. मी घरी एक उकळी आणतो. एकच, दिवसभर चार वेळा नव्हे.

पचन आणि जीवनसत्त्वं

कच्च्या दुधात लॅक्टेज (लॅक्टोज पचवणारं विकर) असतं म्हणून ते पचतं, हे चूक. दुधात लॅक्टेज नसतं, ते आपल्या आतड्यात तयार होतं. ज्यांना दूध पचत नाही त्यांना कच्चंही पचत नाही. दही पचतं, कारण जिवाणूंनी लॅक्टोज थोडं आधीच खाल्लेलं असतं. तापवल्यानं बी-१, बी-१२ आणि सी थोडं कमी होतं हे खरं, पण सी साठी दूध कोणी पीत नाही. कॅल्शियम आणि प्रथिनं आहे तिथंच राहतात.

‘परदेशात मुलांना दमा होत नाही’

मेसेजमधला हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, तो उडवून लावता येणार नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधल्या शेतकरी कुटुंबांच्या अभ्यासांत न उकळलेलं दूध पिणाऱ्या मुलांत दमा आणि अ‍ॅलर्जी कमी आढळली. ‘होतच नाही’ असं नव्हे, कमी. ही मुलं गोठ्यातच वाढतात, त्यामुळं वाटा दुधाचा किती आणि शेणामातीचा किती, हे वेगळं काढणं अवघड असतं. आणि हे अभ्यास करणाऱ्यांनीच कच्चं दूध पाजा असा सल्ला दिलेला नाही, कारण त्यातल्या आजारांचा धोका त्यांना माहीत आहे. मेसेजनं पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं सोडलं.

‘शेतात घालता, मग दुधात का मारता?’

हा प्रश्न ज्यानं लिहिला त्यानं ऊस लावलेला नसावा. उसाच्या आत राहून हवेतला नत्र देणारा अ‍ॅसिटोबॅक्टर १९८८ साली ब्राझीलमध्ये शोधला गेला, आणि आज आपल्याकडं बेणेप्रक्रियेत, म्हणजे लावणीआधी उसाच्या कांड्या तयार करताना, तो सर्रास वापरतात. शिफारस अशी: १०० लिटर पाण्यात १० किलो अ‍ॅसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू), त्यात बेणं अर्धा तास बुडवायचं. पण त्याआधी काय करतो? तेच बेणं बुरशीनाशक आणि कीटकनाशकाच्या द्रावणात बुडवून काढतो, सुकवतो, आणि मग जिवाणू लावतो. आधी नको ते मारायचं, मग हवं ते सोडायचं. मेसेज ज्या शेताचा दाखला देतोय ते शेत विरजणाच्याच बाजूनं साक्ष देतं.

आणि जागा बदलली की कामही बदलतं. सोयाबीनच्या मुळावरची गाठ नखानं फोडून बघा, आत गुलाबी दिसली तर हवेतला नत्र देणारा रायझोबियम जिवाणू कामावर आहे. त्याच मातीत धनुर्वाताचे बीजाणूही असतात. मातीत ते कोणाच्या वाटेला जात नाहीत, खोल जखमेत गेले की जीव घेतात.

कृष्णेत मासे मेल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. मळी किंवा कारखान्याचं सांडपाणी नदीत आलं की त्यातली साखर आणि सेंद्रिय माल नदीतलेच साधे जिवाणू आनंदानं खातात, आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. आमच्या परीक्षानळीत रंग उडतो तीच क्रिया नदीभर होते. मासे गुदमरतात. दूधसुद्धा ओढ्यात ओतलं तर हेच होईल. सांडपाण्याची ताकद ज्या बीओडीनं (घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) मोजतात तो शुद्ध दुधाचा लिटरला लाख मिलिग्रॅमच्या घरात असतो, घरगुती सांडपाण्याचा दोन-तीनशेच्या आसपास. आणि हेच जिवाणू प्रक्रिया प्रकल्पाच्या टाकीत हवा देऊन पोसले की ते सांडपाणी स्वच्छ करतात. तिथं त्यांना मारायला निघालेला माणूस वेडा ठरेल.

‘पूर्वज धारोष्ण प्यायचे’

काही प्यायचे. तालमीतले पैलवान प्यायचे, कोल्हापूरच्या दूध कट्ट्यावर आजही लोक पितात. ज्यांनी नव्वदी गाठली त्यांच्या गोष्टी आपल्यापर्यंत आल्या. जे लहानपणीच ‘तापानं’ गेले त्यांची गोष्ट सांगायला कोणी उरलं नाही. शिवाय तेव्हा दूध दारातल्या एका जनावराचं असायचं. आज एका टँकरमध्ये शेकडो गोठ्यांचं दूध एकत्र येतं, आणि एका आजारी गायीचं दूध सगळ्यांच्या वाट्याला जातं.

गुरांच्या क्षयाबद्दल खुद्द रॉबर्ट कॉख फसले होते. क्षयाचा जंतू शोधणारा हा माणूस १९०१ साली लंडनच्या परिषदेत म्हणाला की गुरांच्या क्षयापासून माणसाला फारसा धोका नाही. ब्रिटिशांनी आयोग नेमला, आणि १९११ पर्यंत त्या आयोगानं दाखवून दिलं की धोका आहे, विशेषतः दुधातून लहान मुलांना. पाश्चरायझेशनचं तापमान ठरवताना क्षयाचा जंतू मरतो का हे बघितलं गेलं. पुढं क्यू तापाचा (जनावरांपासून माणसाला होणारा एक ताप) जंतू त्याहून चिवट निघाला तेव्हा ते थोडं वाढवलं.

आपल्या भागातल्या गोठ्यांसाठी मला जास्त काळजी ब्रुसेला या जंतूची वाटते. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये माल्टा बेटावर हा जंतू शोधला, आणि १९०५ मध्ये तिथलेच डॉक्टर झमिट यांनी तो शेळीच्या दुधातून येतो हे दाखवलं. याची लागण झालेली गाय गाभणपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत गाभडते, जार अडकतो, आणि दुधातून जंतू पुढं जात राहतो. माणसाला चढउतार होणारा ताप, रात्री घाम, कंबर आणि सांधे धरणं. कित्येकदा टायफॉइड समजून औषधं चालतात. नीट निदान झालं तर दोन-दोन अँटिबायोटिकं सहा आठवडे घ्यावी लागतात. उकळी आली की हा जंतू काही क्षणांत मरतो. कच्च्या दुधात, आणि कच्च्या दुधाच्या लोण्यात, तो तग धरतो.

उकळलेलं दूध पिऊनही तो घरात येऊ शकतो, आणि हे मेसेजमध्ये कुठंच नाही. गाभडलेलं वासरू आणि जार आपण उघड्या हातानं उचलतो, ओढ्यात टाकतो, कुत्री ओढून नेतात. हातमोजे घाला, चुना टाकून खोल पुरा, आणि गाय का गाभडली याची रक्ततपासणी करून घ्या. पाड्या आणि रेड्या ४ ते ८ महिन्यांच्या असताना ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदाच द्यायची असते. राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत आहे. लसीत जिवंत जिवाणू असतो, म्हणून ती डॉक्टरांनाच टोचू द्या आणि गाभण जनावराला देऊ नका. वय उलटून गेलं तर मग ती देत नाहीत, तेव्हा दावणीला त्या वयाची पाडी असेल तर या आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात नाव घालून या.