कूलरच्या खिडकीतून येणारी थंडी

नागपूरच्या महाल भागात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका बंद दुकानाच्या तीन पायऱ्या आहेत, तोच आमचा कट्टा. समोर चहाची टपरी, बाजूला वहिनींचा तर्री-पोह्याचा ठेला. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचा बंदोबस्त रस्त्यावर दिसू लागला की थंडी आली, हे नागपुरात कॅलेंडर पाहून सांगावं लागत नाही. परवा सकाळी सातला आम्ही पाच जण कानटोप्या घालून तिथे बसलो होतो. विषय निघाला तो वायरमनभाऊनं पायरीवर आणून ठेवलेल्या एका जळक्या एक्स्टेंशन बोर्डावरून.

"पहा बाप्पा, दोन हजार वॅटचं हीटर, अन् लावलं कायले तं मोबाइल चार्ज करायच्या बोर्डाले!"

बोर्ड हातात घेऊन पाहिला. भोकांभोवतीचं पांढरं प्लास्टिक पिवळं, मग तपकिरी पडलेलं, आणि एका जागी मऊ होऊन पुन्हा गोठलेलं. नाकाशी नेला तर अजून करपट वास येत होता. बोर्ड आमच्यातल्या बँकवाल्या दोस्ताच्या घरचा. आदल्या रात्री अकराला ठिणगी उडाली म्हणून त्यानं वायरमनभाऊला झोपेतून उठवलं होतं.

"दोन हजार वॅट म्हणजे जवळपास नऊ अँपिअर," वायरमनभाऊ म्हणाला. "हा बोर्ड सहाचा. गिझरचा मोठा सॉकेट असते ना, सोळाचा, तिथंच लावा लागते हे. अन् वायर पायाखाली, गादीखाली दाबून नाई ठेवायची."

"मग करू काय मी?" बँकवाला खरोखर कळवळून बोलला. "पोरगी बारावीले आहे. रात्री एक वाजेपर्यंत बसते. बोटं अशी गारठतात का पेन धरता येत नाई तिले. बाप म्हणून पाहत बसू?"

यावर कोणी काही बोललं नाही. त्याच्या जागी आम्हीही हीटरच आणला असता. शेवटी मास्तरांनी बोटांवर हिशेब केला. मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. "दोन हजार वॅट म्हणजे तासाला दोन युनिट. रोज चार तास धरले तर महिन्याला २४० युनिट. घरचा बाकी वापर वेगळाच. अन् शंभर युनिटच्या वर गेलं का दर केवढा चढते, ते तुले माहीत आहे."

"तरी खोली गरम होत नाही," बँकवाला म्हणाला. "समोर बसलं तं ठीक, बंद केलं का दहा मिनिटांत जशीच्या तशी गार."

इथे मला राहवलं नाही, कारण दोन वर्षांपूर्वी मी नेमका याच जागी अडकलो होतो. "त्या खोलीत कूलर कुठं आहे तुझा?"

"खिडकीत. कुठं राहणार?"

"काढला?"

"अबे, डिसेंबरात कूलर कोण काढते? स्टँडवर बसवलेला आहे, तिसऱ्या मजल्यावर."

हाच माझा मुद्दा होता. आपलं घर मे महिन्यासाठी बांधलेलं असतं. ४५ डिग्रीच्या उन्हात जीव वाचावा म्हणून खिडकीची काच काढून तिथे कूलर बसवतो. पावसाळ्यात त्यावर प्लास्टिक टाकतो आणि दिवाळीपर्यंत विसरून जातो. हिवाळ्यात तोच कूलर घराला पाडलेलं भलंमोठं भोक होतो. तिन्ही बाजूंच्या जाळ्या, आत वाळून आक्रसलेलं वुडवूलचं गवत, आणि त्यातून रात्रभर आत येणारा उत्तरेचा वारा. पंखा बंद असला तरी हवा कुठे थांबते?

मी कसं तपासलं तेही सांगितलं. रात्री दिवे, पंखे बंद करून कूलरच्या तोंडासमोर उदबत्ती धरली. धूर सरळ वर जायला हवा होता. तो चक्क आडवा झाला आणि खोलीत पसरला. कूलर आणि चौकटीच्या मधल्या बोटभर फटीशी धरली तर तिथे त्याहून जोरात. दुसऱ्या दिवशी थर्मोकोलची शीट आणली, कूलरच्या तोंडाच्या मापाची कापली, तिच्यावर फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा लावला आणि चहूकडून चिकटपट्टी मारली. कडेच्या फटीत जुन्या बनियनच्या चिंध्या कोंबल्या. दाराखाली आईच्या जुन्या लुगड्याची गुंडाळी. सगळा खर्च दोनशेच्या आत. त्या रात्री खोली गरम झाली असं म्हणणार नाही, पण अंगावरून वारा फिरणं थांबलं. पायांना आधी वारा लागतो आणि मग थंडी वाजते, हे मला तेव्हा कळलं.

"हे ऐक तू," वायरमनभाऊ बँकवाल्याला म्हणाला. "फक्त कूलरची पिन काढून ठेव आधी. थर्मोकोल लावून पोरानं बटन दाबलं तं मोटर जळन."

मास्तरांनी मग त्यांचा विषय काढला. "कूलर झाला. पण ती हिरवी जाळी? बाल्कनीत उन्हाळ्यात बांधली ती अजून तशीच असन तुमच्या सगळ्यांकडं." होती, माझ्याकडेसुद्धा. "नागपूर २१ अंश अक्षांशावर. मे महिन्यात दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असते, खिडकीतून आत येत नाही. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा तो दक्षिणेकडं कललेला, ४५ अंशांच्या आसपास. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार पलंगापर्यंत येते. अन् आपण काय करतो? जाळी बांधून, पडदा लावून त्याले बाहेर उभं ठेवतो."

ते अगदी खरं आहे. आपल्याकडे हिवाळ्यात दिवसा २७-२८ डिग्री असते आणि पहाटे कधी कधी दहाच्या आत. समुद्र लांब, आकाश निरभ्र, त्यामुळे दिवसभराची ऊब रात्री भराभर उडून जाते. डिसेंबर २०१८ च्या शेवटी तर पारा ३.५ वर गेला होता. ती पहाट इथल्या कोणीच विसरलेलं नाही. पण त्या दिवसांतही दुपारी ऊन होतंच. ते दहा ते तीन आत घ्यायचं आणि चारच्या सुमारास, ऊन उतरायच्या आधी, खिडकी-पडदे बंद करायचे. याला एक पैसा लागत नाही. आपण नेमकं उलटं करतो. दिवसभर बंद, आणि संध्याकाळी हवा यावी म्हणून उघडं.

तेवढ्यात ठेल्यामागून वहिनी बोलल्या. त्या पोह्यांवर तर्री घालता घालता सगळं ऐकत होत्या.

"भाऊ, तुमच्या स्लॅबच्या घरचं ठीक आहे. माझी खोली टिनाची. रात्री बाराच्या नंतर टिनातून थंडी टपकते म्हणा. आमच्यासाठी सांगा ना काही."

मी गप्प झालो. टिनाच्या खोलीसाठी माझ्याकडे काही नव्हतं. मग त्याच सांगू लागल्या. टिनाच्या खाली हातभर अंतर सोडून त्यांनी जुने फ्लेक्सचे बॅनर ताणून बांधलेत. निवडणुकीनंतर फुकट मिळाले. टिन आणि बॅनरच्या मधली हवा अडकून राहते, पहाटेचं पाणी अंगावर टपकत नाही. आणि झोपायला आधी खाली पुठ्ठे, त्यावर तांदळाच्या रिकाम्या पोत्यांची जाजमासारखी शिवलेली पट्टी, मग गादी.

"वरून तीन रजया घेता अन् खाली गार फरशी," त्या म्हणाल्या. "थंडी खालून येते भाऊ. आंगाच्या वजनानं गादी दबून जाते, तिच्यात दम राहत नाई. जेवढं वर घेता तेवढं खाली टाका."

संपूर्ण चर्चेत याहून कामाचं वाक्य कोणी बोललं असेल असं मला वाटत नाही. मी घरी जाऊन त्याच रात्री आईच्या गादीखाली सतरंजी आणि दोन घड्या घातलेली ताडपत्री टाकली.

रजईवर जरा थांबतो, कारण आपण कापसाच्या मुलखातली माणसं असून ही गोष्ट विसरत चाललो आहोत. रजईत ऊब कापसाची नसते, कापसाच्या तंतूंत अडकलेल्या हवेची असते. चार-पाच हिवाळ्यांत कापूस दबतो, गोळे होतात, मधे मधे नुसतं कापड उरतं. उजेडाला धरून पाहा, दिसेल. मग आपण म्हणतो रजई जुनी झाली आणि दुकानातून पॉलिस्टरचं ब्लँकेट आणतो. तोच कापूस पिंजून घेतला तर दुप्पट फुगतो. आमच्या गल्लीत पिंजारी चाचा अजून येतात. परवा त्यांनी आईची रजई उसवली तेव्हा आत दगडासारखे गठ्ठे होते, आणि पिंजून झाल्यावर अंगणात पांढरा ढीग गुडघ्याएवढा. पुन्हा भरून, टाके घालून दिली. नव्या ब्लँकेटपेक्षा कमी पैशांत. आणि आठवड्यातून दोनदा गच्चीवर ऊन द्यायचं, पण चारच्या आत उचलायची. कापूस ओल पटकन ओढतो.

बँकवाल्याच्या मुलीसाठी मास्तरांनी रबरी पिशवी सुचवली. दोन लिटर गरम पाण्याला साधारण युनिटचा आठवा हिस्सा लागतो. पिशवी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायची, पाय गोधडीत, अंगावर स्वेटर. खोली नाही तापली तरी मुलगी तापते. पाणी मात्र उकळतं भरायचं नाही. हीटर ठेव, पण बसण्याआधी पंधरा मिनिटं, असं ठरलं. त्यालाही ते पटलं.

इथवर कोणाचं कोणाशी फारसं बिनसलं नव्हतं. बिनसलं ते काकाजींशी.

काकाजी पंच्याहत्तरीचे, कट्ट्यावरचे सर्वांत वडील. इतका वेळ ते चहाच्या ग्लासावर हात शेकत ऐकत होते. "हे थर्मोकोल, रबरी पिशव्या, सगळं लेकराइचा खेळ आहे. आमच्या आईनं दगडी कोळशाच्या शेगडीवर आम्हाला सात भावंडांले वाढवलं. संध्याकाळी आंगणात पेटवायची, धूर निघून गेला, निखारे लाल झाले, का उचलून आत. सकाळपर्यंत ऊब. कोणी मेलं नाही."

"काकाजी, ते नका करू," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, मला कळत होतं.

"काऊन? सत्तर वर्षं करून राहिलो."

मग मी त्यांना जे सांगितलं ते कट्ट्यावर आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मी कूलर बंद केला, दाराखाली लुगडं लावलं आणि स्वतःवर खूश होऊन वरच्या खोलीत झोपायला गेलो. आईनं तिच्या नेहमीच्या सवयीनं शेगडी आत घेतली. तिच्याजवळ माझा नऊ वर्षांचा भाचा झोपलेला. पहाटे चारला भाच्याच्या उलटीचा आवाज आला म्हणून मी खाली उतरलो. आई उठून बसायला गेली आणि भिंतीला धरून खाली बसली. म्हणाली, डोकं फुटतंय. खोलीत धूर अजिबात नव्हता, वास नव्हता. निखारे राखेखाली मंद लाल होते. दोघांना अंगणात आणलं, सगळी दारं उघडली आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "खोलीत शेगडी होती का?"

कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. रक्तात ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. धूर गेला म्हणजे धोका गेला असं आपण पिढ्यान् पिढ्या मानत आलो, पण बिनधुराचे लाल निखारेच तो सोडत राहतात. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपेत असलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. भाच्याला उलटी झाली नसती तर मला सकाळी सातला कळलं असतं.

काकाजी थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण आम्ही कसे जगलो मग?"

मास्तरांनी शांतपणे विचारलं, "काकाजी, ते घर कशाचं होतं?"

"कवेलूचं."

"कवेलूच्या फटीतून आभाळ दिसे?"

"चांदण्या दिसत," काकाजी म्हणाले.

"तिथूनच वायू जाये. आता स्लॅब आहे, सरकत्या काचा आहेत. शेगडी तीच आहे, घर ते नाही."

वायरमनभाऊनं जोड दिली, "काकाजी, आजपर्यंत तुमच्या कूलरच्या भोकानं वाचवलं तुम्हाले."

हे वाक्य ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. तासभर मी सगळ्यांना तेच भोक बुजवायला सांगत होतो. काकाजींनी माझं अर्धं ऐकलं असतं, थर्मोकोल लावला असता आणि शेगडीही ठेवली असती, तर? वहिनींनाही लगेच विचारलं, बॅनरखाली चूल, शेगडी काही पेटवता का? त्या म्हणाल्या, नाही, स्वयंपाक बाहेरच, फ्लेक्स पेटला तर काय घ्या. बँकवाल्याकडे गॅस गिझर न्हाणीघरात आहे. त्याला सांगितलं, तिथला झरोका कधीच बुजवायचा नाही, तिथे थंडी वाजली तरी चालेल. आग आणि बंद खोली, या दोन गोष्टी एका छपराखाली नकोत. इतर कुठल्याही मुद्द्यावर मी माघार घेईन, यावर नाही.

काकाजी उठले. त्यांना राग आला होता की वाईट वाटलं होतं, कळलं नाही. जाता जाता एवढंच म्हणाले, "संध्याकाळी ये. तुह्या हातानं लाव ते थर्मोकोल."

"शेगडी बाहेर दिसली तरच लावीन, काकाजी."

सहाच्या सुमारास शीट, कात्री आणि चिकटपट्टी घेऊन गेलो. फाटकातूनच वांगी भाजल्याचा वास आला. अंगणात तुळशीपासून दोन हात दूर शेगडी पेटलेली होती. काकाजी पाटावर बसून वांगी फिरवत होते, आणि काकूंनी त्यांच्या खांद्यावर घोंगडी टाकली होती. "भरीत खाऊन जा," ते म्हणाले. "निखारे विझले का पाणी टाकतो, तू पाहूनच जा." मी चिकटपट्टी बाजूला ठेवली आणि शेगडीशी हात धरले.