शेजारच्या खुर्चीतले गॅलिलिओ

राक्षसाचा सिनेमा बघायला निघालात ना, मग एक करा, उशिरा पोहोचा. फार नको, वीस मिनिटं पुरेत. राक्षस कुठून आला, एवढी वर्षं कुठे झोपला होता, त्याला जाग कशाने आली, हे सगळं त्याच वीस मिनिटांत एक चष्मेवाली बाई नकाशापुढे उभी राहून सांगत असते. तिचं ऐकलंत की संपलं, पुढचे दोन तास तोंड मिटून बसावं लागेल. न ऐकता आत शिरलात तर दर सीनला तुमच्याकडे ताजा प्रश्न तयार.

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, हे गेल्या रविवारी फार सुंदर करून दाखवून गेले. आधी मॉलच्या पार्किंगमध्ये दोन चकरा, मग पॉपकॉर्नची रांग, मग अंधारात अख्ख्या ओळीचे गुडघे तुडवत ते माझ्या आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या मधल्या खुर्चीत येऊन बसले. तिकिटं त्यांनी काढली होती, त्यामुळे खुर्च्यांची वाटणीही त्यांचीच. बसल्या बसल्या खिशातून जीरावणची, म्हणजे आमच्या इंदुरी मसाल्याची, पुडी काढली. इंदूरचा माणूस पोह्यांवर जीरावण घालतो, काकडीवर घालतो, पेरूवर घालतो, इथपर्यंत मला मान्य आहे. पॉपकॉर्नवर घालताना मी पहिल्यांदा पाहिला. पुडीची कुरकुर, मग हिंगाचा भपकारा, मग बोटं चाटल्याचा आवाज, आणि मग पहिला प्रश्न: 'हा एवढा मोठा, तर आत्तापर्यंत सॅटेलाइटला दिसला कसा नाही?'

समुद्राच्या तळाशी होता, भाऊजी. आत्ताच सांगून झालं. हे मी मनातल्या मनात म्हटलं. मोठ्यांना उलटून बोलायची आमच्या घरात पद्धत नाही, आणि त्यात ते जावई. म्हणून तर लिहून राहिलेय. (हसा, पुण्याचे लोक हसतातच आमच्या मराठीला.)

दुसरं, शब्द वजनदार वापरा. म्हणायचं असतं 'प्लॉटहोल', म्हणजे कथेतलं भोक, पण तुम्ही 'लूपहोल' म्हणा. ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस वकिलाशी बोलून आलाय.

'लॉजिकच नाही यार' हे दर सात मिनिटांनी.

पात्रांना मूर्ख ठरवायला विसरू नका. ती मुलगी पळताना मागे वळून का बघते? तो शास्त्रज्ञ फाइल घ्यायला परत आत का जातो? आपण असतो तर असं केलं असतं का? बिलकुल नाही. दिवाळीत आमच्या कॉलनीत लडीच्या आवाजाने गाय बिथरली होती. सगळे गच्चीकडे धावले, आणि भाऊजी अर्ध्या जिन्यातून चपला घ्यायला खाली परत गेले. गाय तेव्हा चपलांपाशीच उभी होती.

आता मुख्य गोष्ट. विज्ञान आणा. विज्ञानाशिवाय चूक काढण्यात मजा नाही. राक्षस किनाऱ्यावर पाय टाकतो, थिएटर हादरतं, माझं पोर खुर्चीच्या टोकाला येऊन बसलेलं असतं, आणि बरोबर त्याच क्षणी तुम्ही मोठ्याने म्हणा: 'हे वजन त्या पायांना पेलणारच नाही. हाडं मोडतील.'

बरोबर आहे हो. शंभर टक्के बरोबर. प्राणी दहापट उंच केला तर हाडाची जाडी, म्हणजे आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, शंभरपट होतं आणि वजन होतं हजारपट. हाडाच्या तेवढ्याच तुकड्यावर दहापट भार. उंदीर नुसता फुगवून हत्ती करता येत नाही तो याच कारणाने, हत्तीचे पाय खांबासारखे असतात तेही याच कारणाने. गॅलिलिओने हे 1638 साली पुस्तकात छापलं, स्वतःच्याच घरात नजरकैदेत असताना, डोळे गेलेले असताना. त्या बिचाऱ्याच्या शेजारच्या खुर्चीत कोणी नव्हतं. तुमच्या शेजारी दोन्हीकडून माणसं आहेत, त्यांनी पैसे भरलेत. आमचे तुम्हीच भरलेत, ते आलं लक्षात, पण तरी.

आणि पावणेचारशे वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट सिनेमावाल्यांना कळलेली नाही, असं तुम्हाला खरंच वाटतं? 1954 साली जपानी गोजिरा पहिल्यांदा आला, ज्याला आपण गॉडझिला म्हणतो, तो 50 मीटरचा होता. 1984 साली तो 80 मीटरचा झाला, 1991 साली 100 मीटरचा. का, तर मधल्या काळात टोकियोच्या इमारतीच वाढल्या आणि हा त्यांच्यामागे बुटका दिसायला लागला. त्याची उंची जीवशास्त्राने ठरवलीच नव्हती. बिल्डरने ठरवली होती. आपल्या बायपासवर हल्ली जे मजले चढतायत ते बघता त्याला इथे यायचं तर दूध प्यावं लागेल.

बरं, त्या पहिल्या राक्षसात खरी हाडं होती. एका माणसाची. हारुओ नाकाजिमा नावाचा नट तो पोशाख चढवून आत उभा राहायचा. पोशाख शंभर किलोच्या आसपास, वरून स्टुडिओचे दिवे, आत घामाच्या धारा. अशा अवस्थेत त्याने कमरेएवढं टोकियो पायाखाली घातलं. हाडांची एवढी काळजी आहे तर त्या माणसाच्या हाडांची करायची होती! आणि ती डरकाळी, जिच्यावर भाऊजी म्हणाले की सरडा असा ओरडत नसतो, ती कुठल्या सरड्याची नव्हतीच. डबल बास नावाचं माणसाएवढं तंतुवाद्य घेतलं, तारा सैल केल्या आणि राळ लावलेला चामड्याचा हातमोजा त्यावरून खसाखस ओढला. पुढे तो आवाज कमीजास्त वेगाने वाजवला. कोणीतरी बसून, डोकं लावून, हाताने केलेलं काम आहे ते. सत्तर वर्षांनी एक माणूस तोंडात पॉपकॉर्न ठेवून म्हणतो, लॉजिकच नाही.

असो. मी सल्ला देत होते.

देशभक्तीही जागवा. 'हे सगळे टोकियो नाहीतर न्यूयॉर्कलाच का जातात? इंदूरला का येत नाहीत?' हा प्रश्न हमखास चालतो, मागच्या रांगेतले दोघं हसतातसुद्धा. मीही हसले, खोटं कशाला बोलू. इंदूरला आला आणि मेला, तर ते धूड ओल्या कचऱ्यात टाकायचं की सुक्या, यावर तीन दिवस गाडी दारात उभी राहील. 2017 पासून कित्येक वर्षं पहिल्या नंबराचं स्वच्छ शहर ठरलंय आपलं, गंमत नाही.

पण भाऊजी, आले होते हो ते इकडे. आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यात. 2023 साली छापून आलेल्या एका अभ्यासात तिथली 92 घरटी आणि 256 अंडी मोजलेली आहेत, लांब मानेच्या टायटॅनोसॉर जातीच्या डायनोसॉरची, बाग आणि कुक्षीच्या पट्ट्यातली. पाडल्या गावात तर लोक पिढ्यान् पिढ्या ते गोल दगड काकड भैरव म्हणून पुजत आले, शेताची आणि गुरांची राखण करतो म्हणून. मग तपासणारे आले आणि कळलं की हे अंडं आहे. साडेसहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचं! राखण करणारा देव स्वतःच कोणाचं तरी न जन्मलेलं पिल्लू. असली कथा कुठल्या पटकथाकाराने लिहिली असती तर तुम्ही म्हणाला असता, हे काही पटत नाही.

हे मी इंटरव्हलमध्ये पोराला सांगितलं. त्याचे डोळे एवढे झाले. 'आई, आपण जाऊया?' भाऊजी, जे दर पावसाळ्यात मांडूला भुट्टे खायला धारवरूनच जातात, म्हणाले, 'तिथे काय बघायचंय, दगड तर आहेत.'

खरी चूक मात्र कधीच शोधू नका, त्यासाठी सिनेमा बघावा लागतो. 1993 चा ज्युरासिक पार्क भाऊजींनी टीव्हीवर दहा वेळा तरी पाहिला असेल. त्यात टी-रेक्ससाठी बकरी बांधतात ती कुंपणाच्या आत, रस्त्याच्या पातळीला. तो मोठ्या ऐटीत तिथूनच चालत रस्त्यावर येतो. आणि थोड्या वेळाने त्याच कठड्यावरून गाडी खाली जाते ती थेट खोल दरीत. जमीन गेली कुठे? हे भोक खरं आहे, सिनेमाने स्वतःच दाखवलेलं स्वतःच खोडलं. मला ते बाराव्यांदा बघताना दिसलं. अकरा वेळा दिसलं नाही, कारण अकरा वेळा मी घाबरलेली होते. कोणाला सांगितलंही नव्हतं, सांगून काय मिळणार होतं? आता तुम्हाला सांगून बसले. घ्या, तुमचाही सिनेमा गेला.

सिनेमा संपल्यावर सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जा. तिथे वाद घातल्याशिवाय चुका पचत नाहीत. आम्ही साडेअकराला भुट्ट्याच्या किसाचे द्रोण हातात धरून उभे होतो. एकीकडे भाऊजी, दुसरीकडे इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा. भाचा म्हणे, 'काका, राक्षस चालतो तर काहीही चालतं, फिक्शन आहे.' भाऊजी म्हणे, फिक्शनला पण लॉजिक पाहिजे. आमचे हे नेहमीप्रमाणे दोघांनाही हो म्हणत गराडूवाल्याकडे सरकले.

माझं विचाराल तर दोघंही चुकले. बुद्धिबळात घोडा अडीच घरंच का चालतो, असं कोणी विचारत नाही. ती अट मान्य करूनच पट मांडतो आपण. पण तोच घोडा मध्येच चार घरं गेला की पट उधळायचा हक्क आपला. एवढं सोपं आहे. राक्षस आहे म्हटल्यावर आहे. पाण्याला भितो म्हणाला असाल तर मग शेवटच्या मारामारीत पोहवू नका. यावर भांडा की, मी पण येते भांडायला. भाऊजींनी अडीच घरांवरच दोन तास घालवले.

तेवढ्यात पोराने विचारलं, 'काका, तो किरणांमुळे एवढा मोठा झाला ना?'

भाऊजींनी द्रोण टोपलीत टाकला, तोंड पुसलं, आणि अगदी प्रेमाने, खाली वाकून, त्याला समजावलं: 'बेटा, किरणोत्सर्गाने प्राणी मोठे होत नसतात. आजारी पडतात, मरतात. म्हणजे बघ, ह्याचा बेसच चुकीचा.'

अहो भाऊजी, तेच. तेच तर सांगत होते ते! 1 मार्च 1954 ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्ब फोडून पाहिला. जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर ट्यूना पकडणारी एक जपानी बोट होती, 23 माणसं होती तिच्यावर. त्यांच्या डोक्यावर, केसांत, डेकवर पांढरी राख पडत राहिली, तासन् तास. काय आहे ते कोणाला कळलं नाही, त्यांनी हातांनी झाडली. सगळे आजारी पडले. बोटीचा रेडिओवाला सप्टेंबरात गेला. नोव्हेंबरच्या 3 तारखेला गोजिरा थिएटरात लागला, आणि त्याची सुरुवात कशाने होते माहितीये? समुद्रात एक मालवाहू बोट, अचानक उजेड, आणि बोट खलास. हिरोशिमाला तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती. बघायला बसलेल्या माणसांना किरणोत्सर्गाने काय होतं हे तुमच्याकडून शिकायचं नव्हतं.

आणि तुम्ही त्या पोराला सांगता, बेस चुकीचा.

मी हे तिथे बोलले नाही. बोलायला हवं होतं. गाडीत बसल्यावरही बोलले नाही, कारण नणंद पुढे बसली होती आणि घरी जाऊन दूध विरजायचं होतं. आता स्पष्टच सांगते, आणि भाऊजींसारखे जे जे दर थिएटरात एक-एक बसलेले आहेत त्यांनाही सांगते. तुम्हाला शंका येत नसतात. शंका आलेला माणूस उत्तराची वाट बघतो. तुम्ही प्रश्न टाकता आणि मान वळवून बघता, कोण हसलं. पडद्यावर उत्तर चालू असतं तेव्हा तुमचं बोट पॉपकॉर्नच्या तळाशी मसाला शोधत असतं. घाबरायला लाज वाटते तुम्हाला, एवढंच आहे. वाटू द्या. पण दुसऱ्याच्या भीतीवर पाणी का ओतता?

शेवटच्या सीनला, शहरातले सगळे दिवे गेले होते आणि नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता, तेव्हा माझ्या पोराने अंधारात माझा हात शोधला. तुमच्या मांडीवरून. मी पण हात पुढे केला होता. आणि तुम्ही तो मध्येच धरलात, थोपटलात आणि म्हणालात, 'घाबरू नको रे, सगळं कंप्युटर आहे.' त्याने हात काढून घेतला, जीरावण लागलेला. पँटला पुसला आणि नीट टेकून बसला, मोठ्या माणसासारखा.

पुढच्या वेळी तिकिटं मी काढणार आहे. मधली खुर्ची माझी. तुम्ही कडेला, भाच्याच्या पलीकडे. आणि ती पुडी घरी ठेवून या.