अल्जीरिया बुडाला, मोरोक्को तरला? फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

गेल्या काही महिन्यांत हा मेसेज मला निदान चार ठिकाणांहून आला. मजकूर थोड्याफार फरकाने असा: सहारात दोन शेजारी देश आहेत. धर्म एक, भाषा एक, हवामान एक. अल्जीरियाकडे तेल आणि गॅस, मोरोक्कोकडे नुसती वाळू. अल्जीरियाने सगळं फुकट वाटलं, आज तिथे दुधाला रांगा लागतात. मोरोक्कोने फुकट काही दिलं नाही, म्हणून तिथे बुलेट ट्रेन धावते, गाड्यांचे कारखाने आहेत आणि मोरोक्कन माणूस अल्जेरियनाच्या कितीतरी पुढे गेला आहे. वारसा म्हणाल तर तोही सगळा मोरोक्कोचा, अल्जीरिया हा देशच मुळात फ्रेंचांनी घडवला. शेवटी आपल्याकडच्या योजनांचा उद्धार करून 'पुढे पाठवा'.

यातल्या काही गोष्टी खऱ्या आहेत आणि म्हणूनच तो चटकन पटतो. ट्रेन आहे, कारखाने आहेत, रांगाही लागतात. पण त्यांची मोट बांधून जे सांगितलंय ते खोटं आहे. दोन देशांतल्या मिळून आठ कोटींहून अधिक माणसांच्या आयुष्याचं असं सोयीचं बोधवाक्य झालेलं मला बघवत नाही, म्हणून एकेक वाक्य घेतो.

"मोरोक्कन माणूस कितीतरी पुढे." हे उलटं आहे. २०२३ साली अल्जीरियाचं दरडोई उत्पन्न सव्वापाच हजार डॉलरच्या आसपास होतं, मोरोक्कोचं पावणेचार हजारांच्या. जुलै २०२४ मध्ये जागतिक बँकेने अल्जीरियाला उच्च-मध्यम उत्पन्नाच्या गटात घातलं. त्याच यादीत मोरोक्को निम्न-मध्यम गटात होता. यावर एक आक्षेप रास्त आहे: अल्जेरियन दिनारचा सरकारी दर फुगवलेला असतो. बँकेत युरोला दीडशेच्या आसपास दिनार पडतात, तर राजधानी अल्जीअर्सच्या पोर्ट सईद चौकात नोटांची पुडकी हातात घेऊन उभे असलेले दलाल दोनशेच्या वर मागतात. म्हणून डॉलरचे आकडे बाजूला ठेवू आणि आयुर्मान, शिक्षण व खरेदीची ताकद एकत्र मोजणारा मानव विकास निर्देशांक बघू. २०२५ च्या अहवालात अल्जीरिया ०.७६३, मोरोक्को ०.७१०. मोरोक्को 'उच्च मानव विकास' गटात पहिल्यांदा आला तो याच अहवालात. ही मोठी कमाई आहे, पण शेजाऱ्याला मागे टाकल्याची खूण नाही.

विषमतेचंही तसंच. दोन्ही देशांच्या पाहण्या आता जुन्या झाल्या, तरी अंतर एवढं आहे की ते झाकत नाही. गिनी गुणांक (आकडा जितका मोठा तितकी विषमता जास्त) अल्जीरियात २७.६ (२०११), मोरोक्कोत ३९.५ (२०१३). मोरोक्कोच्या २०२४ च्या जनगणनेत दहा वर्षांवरील जवळजवळ चौथा हिस्सा माणसं निरक्षर निघाली.

"मोरोक्कोकडे नुसती वाळू." हे लिहिणाऱ्याने डीएपीची गोणी कुठून येते ते कधी पाहिलेलं नाही. जगातल्या ज्ञात फॉस्फेटच्या साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के मोरोक्कोकडे, त्याच्या ताब्यातल्या पश्चिम सहारासह, आहेत. खुरीब्गाच्या खाणींतून निघणारा हा खडक आणि त्यापासून केलेलं फॉस्फोरिक ॲसिड भारत वर्षानुवर्षं विकत घेतो. गोव्यात झुआरीनगरचा खत कारखाना आज ज्या पारादीप फॉस्फेट्सकडे आहे, त्या कंपनीत मोरोक्कोच्या ओसीपी या सरकारी फॉस्फेट कंपनीची भागीदारी आहे. म्हणजे त्या 'वाळू'चा अंश आपल्याच उसात आणि सोयाबीनमध्ये उतरतो.

आता 'फुकट'चा मुद्दा. मेसेजचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे, त्यामुळे इथे जरा थांबू.

अल्जीरियात सबसिडी आहे आणि भरपूर आहे. २०२५ पर्यंत पेट्रोल ४६ दिनारच्या आत होतं, म्हणजे आपले तीस-एक रुपये लिटर. सरकारी भावाची दुधाची पिशवी २५ दिनारला. रांगा लागतात त्या याच पिशवीसाठी. पण का? हे दूध बाहेरून आणलेल्या पावडरीचं असतं. पावडर कमी आली, किंवा डेअरीने ती ज्यात नफा जास्त त्या मालाकडे वळवली, की पहाटे दुकानापुढे माणसं उभी राहतात. म्हणजे दुखणं आहे ते दूध स्वस्त देण्यापेक्षा, देशात पुरेसं दूध निघत नाही आणि पावडरीचे डॉलर तेलातून येतात, याचं.

हे एकाच खांबावर उभं घर आहे. हासी मसूदचं तेल आणि हासी रमेलचा गॅस, दोन्ही १९५६ मध्ये सापडले. १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुमेदिएन यांनी फ्रेंच कंपन्यांच्या हातून ते काढून घेतले. त्यानंतर कित्येक दशकं निर्यातीतले नव्वदहून जास्त टक्के तेल-वायूचेच. १९८६ मध्ये तेल कोसळलं, ऑक्टोबर १९८८ मध्ये तरुण रस्त्यावर उतरले आणि सैन्याने गोळ्या घातल्या. १९९२ मध्ये निवडणूक रद्द झाली आणि मग दहा वर्षं चाललेल्या यादवीत दीड-दोन लाख माणसं मारली गेली. २०१४ मध्ये पुन्हा तेल घसरलं, तेव्हा १९० अब्ज डॉलरहून अधिक असलेली गंगाजळी २०२१ पर्यंत पन्नासच्या खाली आली. यात स्वस्त पेट्रोलवर तिजोरीचा खर्च झाला, नक्कीच झाला. पण देशाला भोवला तो एकच माल विकून बाकी सगळं आयात करण्याचा धंदा, आणि त्या मालाची चावी मूठभर लोकांच्या हातात असणं. २०१९ मध्ये लाखो अल्जेरियन दर शुक्रवारी रस्त्यावर आले आणि राष्ट्राध्यक्ष बुतेफ्लिकांना पायउतार व्हावं लागलं. त्यांचा राग या मूठभरांवर होता. दूध स्वस्त मिळतं म्हणून कोणी मोर्चा काढत नाही.

आणि मोरोक्कोने फुकट दिलं नाही? मोरोक्कोत बारा किलोचा गॅस सिलिंडर, घरोघरी ज्याला 'बूटा' म्हणतात, वर्षानुवर्षं ४० दिरहॅमला मिळायचा. मे २०२४ मध्ये तो ५० केला. त्याची खरी किंमत कितीतरी जास्त आहे आणि फरक सरकार भरतं. तो इतका स्वस्त की शेतकरी त्यावर विहिरीचे पंप चालवतात. पेट्रोल-डिझेलची सबसिडी २०१५ पर्यंत काढली हे खरं. जागतिक भाव पडलेले असताना साधलेली ती चांगली वेळ होती. पण डिसेंबर २०२३ पासून मोरोक्को गरीब कुटुंबांना महिन्याला किमान ५०० दिरहॅम थेट खात्यात देतो. मेसेजच्या भाषेत हेही 'फुकट'च.

सीमेजवळच्या उज्दा शहराची गोष्ट तर याहून बोलकी आहे. २०१३-१४ पर्यंत त्या भागातल्या गाड्या बऱ्याच अंशी अल्जीरियाच्या स्वस्त पेट्रोलवर चालायच्या. रात्री गाढवांच्या पाठीवर प्लास्टिकचे कॅन लादून त्यांना सोडून द्यायचे. वाट त्यांच्या पायाखालची असायची, ती बिनमाणसाची सीमा ओलांडून यायची. सकाळी रस्त्याच्या कडेला तेच कॅन विकायला मांडलेले. पुढे अल्जीरियाने सीमेवर खंदक खणले तेव्हा तो धंदा बसला.

बुलेट ट्रेनबद्दल मी हातचं राखून बोलणार नाही. अल-बुराक नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, आफ्रिकेतली पहिली, ताशी ३२० किलोमीटरपर्यंत जाते आणि टँजियरहून कॅसाब्लांकाला दोन तास दहा मिनिटांत पोचवते. टँजियर मेद बंदर २००७ मध्ये उघडलं. रेनोचा कारखाना २०१२ मध्ये आला, मग केनित्रा शहरात प्यूजोचा. आज गाड्या आणि सुटे भाग ही मोरोक्कोची सर्वांत मोठी निर्यात आहे, फॉस्फेटच्याही पुढे. २०२४ मध्ये पावणेदोन कोटींच्या घरात पर्यटक आले. खेड्यांतली वीज तर मला ट्रेनपेक्षाही मोठी वाटते: १९९५ मध्ये ग्रामीण मोरोक्कोत १८ टक्के घरांत दिवा होता, आज जवळपास प्रत्येक घरात आहे. कारखाने उभारण्यात अल्जीरिया मोरोक्कोच्या मागे आहे, यात वाद नाही.

पण ट्रेनच्या खिडकीतून सगळा देश दिसत नाही. अगादिरला, वारझाझातला, एर्राशिदियाला रेल्वेचा रूळच गेलेला नाही. सप्टेंबर २०२३ च्या भूकंपात २,९०० हून अधिक माणसं गेली, त्यातली बहुतेक उच्च ॲटलासच्या मातीच्या घरांत राहणारी. रस्ते दरडींनी बुजले आणि कित्येक गावांना मदत पोचायला दिवस लागले. २०२५ च्या सप्टेंबरात अगादिरच्या एका सरकारी रुग्णालयात बाळंतिणी दगावल्या आणि देशभर विशी-बाविशीची पोरं बाहेर पडली. फुटबॉल विश्वचषकाची स्टेडियम दिसतात, रुग्णालयं कुठे आहेत, एवढाच त्यांचा प्रश्न होता. बुलेट ट्रेनचं कौतुक करणाऱ्या मेसेजमध्ये ही पोरं कुठेच नाहीत.

अल्जीरियातही सगळी रांगच नाही. अल्जीअर्सला २०११ पासून मेट्रो आहे, पूर्व-पश्चिम महामार्ग बाराशे किलोमीटरचा आहे आणि निम्म्याहून जास्त घरांत चुलीपर्यंत गॅस नळीने येतो. विदेशी कर्ज नगण्य आहे. पॅरिस क्लबची, म्हणजे कर्ज देणाऱ्या देशांच्या गटाची, बाकी २००६ मध्ये मुदतीआधी फेडली. मोरोक्कोवर मात्र कर्जाचं ओझं आहे.

शेवटचा मुद्दा वारशाचा. तो मला सर्वांत जास्त लागला. "अल्जीरिया फ्रेंचांनी घडवला." फ्रेंच १८३० मध्ये आले. त्याआधी तीनशे वर्षं अल्जीअर्स ही एका राज्याची राजधानी होती. त्याआधी त्लेमसेनला १२३६ पासून झय्यानी घराणं होतं. आणखी मागे जा: नुमिदिया या प्राचीन राज्याच्या राजांचं किर्ता म्हणजे आजचं कॉन्स्टंटाइन. संत ऑगस्टीन ३५४ मध्ये जन्मला ते थागास्ते म्हणजे आजचं सूक अहरास. तिमगाद हे रोमन शहर इ.स. १०० मध्ये वसलं. सहारातल्या तासिलीच्या कड्यांवरची पंधरा हजारांहून अधिक चित्रं आणि कोरीवकाम तर सहारा हिरवी होती तेव्हापासूनचं आहे. जागतिक वारसा यादीत अल्जीरियाची सात ठिकाणं आहेत, मोरोक्कोची नऊ.

मग मोरोक्कोचा वारसा जास्त उठून का दिसतो? एक कारण फ्रेंचच आहेत. अल्जीरियाला त्यांनी फ्रान्सचाच भाग मानलं आणि १३२ वर्षं राहिले. अल्जीअर्सच्या कस्बाचा, म्हणजे जुन्या शहराचा, खालचा भाग पाडून चौक केला, केचावा मशिदीचं चर्च केलं. मोरोक्को १९१२ ते १९५६ 'संरक्षित' राज्य होतं. तिथे ल्योते या अधिकाऱ्याने जुनी शहरं जशीच्या तशी ठेवून नवी वस्ती बाजूला वसवण्याचं धोरण धरलं. फेझच्या कारागिराचं दुकान टिकलं, अल्जीअर्सच्या कारागिराची गल्लीच गेली. पाडलेल्याला 'नव्हतंच' म्हणणं हा त्या माणसांवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे.

आणि जे उरलंय त्याची वाटणी कशी करणार? मोरोक्कोतल्या माराकेशची कुतुबिया मशीद बांधवणारा राज्यकर्ता अब्द अल-मुमिन जन्माने आजच्या अल्जीरियातला. उलट त्लेमसेनजवळ मन्सूराचा जो अर्धा उभा मिनार आहे, तो बांधला फेझहून वेढा घालायला आलेल्या मरीनी सुलतानांनी. इब्न खल्दून ट्यूनिसचा, चाकरी फेझला, इतिहासाचा गाजलेला ग्रंथ लिहिला अल्जीरियातल्या फ्रेंदाजवळच्या एका गढीत, आणि वारला कैरोत. २०२२ मध्ये अल्जीरियाच्या फुटबॉल संघाच्या जर्सीवर त्लेमसेनच्या मेश्वार महालातली नक्षी आली, तर मोरोक्कोने 'हे आमचं झेलीज' (रंगीत फरशांची नक्षी) म्हणून वकिलाची नोटीस धाडली. काठी मारून पाणी दुभंगत नाही, हे दोन्हीकडच्या सरकारांना कळत नसेल असं नाही, कारण २०२० मध्ये कुसकुस या रव्याच्या पदार्थाची नोंद युनेस्कोकडे अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि मॉरिटानियाने एकत्रच केली.

या तुलनेत मेसेज लिहिणाऱ्याने जी एक गोष्ट पूर्ण गाळली ती ही: या दोन देशांमधली सीमा १९९४ पासून बंद आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राजनैतिक संबंध तुटले, सप्टेंबरात अल्जीरियाने आपलं आकाशही मोरोक्कन विमानांना बंद केलं, ऑक्टोबरअखेर मोरोक्कोतून स्पेनला जाणारा गॅस थांबला. उज्द्याहून पलीकडच्या मघनियाला जायला गाडीने अर्धा तास लागावा. आज परदेशातून विमान बदलून जावं लागतं. सईदियाजवळ 'बीन लजराफ' नावाची जागा आहे. मध्ये अरुंद ओढा आणि कुंपण, दोन्ही काठांवर रस्ता, दोन्हीकडे झेंडे. लोक गाड्या थांबवून उतरतात. या बाजूची बाई ओरडून त्या बाजूच्या बहिणीला विचारते, आई कशी आहे. उत्तर वाऱ्यावर अर्धंच पोचतं, म्हणून ती पुन्हा विचारते.